दराशी भांडणारी आक्का

बिडी कामगारांच्या बाजूने मी जेवढी पत्रकं लिहिली, त्या प्रत्येक पत्रकाशी पहिलं भांडण एका बिडी कामगारानेच केलं. कंत्राटदाराच्या माणसांनी ती फाडायच्या आधी आणि लेबर ऑफिसातल्या साहेबांनी ती खणात टाकायच्या आधी. ही बाई माझी घरमालकीण होती. निपाणीतली सगळी गल्ली तिला आक्का म्हणायची, तिच्याहून वयाने मोठी माणसंसुद्धा. मीही आक्काच म्हणते.

मी बेळगावच्या खासबागेतली. वडील छापखान्यात कामाला होते. घरी पुस्तकं थोडी आणि पत्रकांचे गठ्ठे फार. ‘हत्ती’ लिहिता यायच्या आधी मला ‘हक्क’ लिहिता यायचा. कॉलेज संपल्यावर युनियनचं काम करायला निपाणीत आले आणि आक्काच्या दोन खोल्यांपैकी बाहेरची भाड्याने घेतली. तिने अट एकच घातली.

“उजेडात बसायचं न्हाय.”

दारातून येणारा उजेड तिच्या मालकीचा होता. उंबऱ्याच्या आत, भिंतीला पाठ लावून, मांडीवर सूप घेऊन ती दिवसभर बसायची. सुपात कंत्राटदाराकडून आलेली, मापात कापलेली तेंदूची पानं, तंबाखू, दोऱ्याचं रीळ. तिच्या आणि दाराच्या मध्ये कुणीही आलं की मान वर न करता म्हणायची, “सरक.” एकदा नगरसेवक मत मागायला आला आणि दारात हात जोडून उभा राहिला. “सरक,” आक्का म्हणाली. तो सरकला. “आणि थोडं.” तो गटारावरच्या फरशीवर गेला. “हां. आता बोल काय ते.”

वेळ ती कट्ट्यांत मोजायची. पंचवीस बिड्यांचा एक कट्टा. भाताला दीड कट्टा लागायचा. बोरगावची बहीण आली की सहा कट्टे बसायची. आमच्या युनियनच्या मेळाव्याला मी तिला मोठ्या मिनतवारीने नेलं, तर तिथेही सूप घेऊन आली. पुढाऱ्यांचं भाषण संपल्यावर मी उत्साहाने विचारलं, “कसं झालं?”

“साहेब नऊ कट्टे बोलला. त्यातला एक कामाचा निघंल. बाकी छाट.”

छाट हा शब्द इथे रोजचा आहे. तयार बिड्या घेताना कंत्राटदाराचा चेकर त्यातल्या काही ‘वाईट’ म्हणून बाजूला काढतो. ती छाट. तिची मजुरी मिळत नाही. नियमाने ती बाईसमोर मोडून टाकायची असते. प्रत्यक्षात ती एका वेगळ्या पोत्यात जाते, पोतं गाडीत जातं, आणि पुढे त्याच बिड्यांवर चांगल्या बिड्यांचं लेबल लागतं. हे गल्लीत सगळ्यांना ठाऊक होतं. मलाही होतं. पण माझ्या पत्रकात छाट कधी आली नाही. माझ्या पत्रकात दर होता. किमान वेतन. मला ते शब्द मोठे वाटायचे.

माझं प्रत्येक नवं पत्रक आक्का गुडघ्यावर ठेवायची आणि हळूहळू, ओठ हलवत वाचायची. जे वाक्य पटलं नाही त्याच्याखाली अंगठ्याचं नख दाबायची. बिडीचं तोंड मुडपून मुडपून ते नख चाकूसारखं झालं होतं. काही पत्रकं मला परत मिळाली ती चाळणी होऊनच.

“दर वाढला म्हंजे काम तेवढंच ऱ्हाणार, हे कुटं लिवलंय गं?” तिने पहिल्याच आठवड्यात विचारलं.

मी कायदा सांगितला. कलम सांगितलं. किमान वेतन म्हणजे उपकार नव्हे, त्याच्याखाली माणसाचं माणूसपण संपतं, असंही म्हणाले.

“बरं हाय की. पर कायदा सकाळी पान आणून देतो का माज्या दारात?”

मला ती घाबरट वाटली. तीस वर्षं वाकून बसलेल्या बाईला ताठ बसायची भीती वाटते, असं मी त्या दिवशी वहीत लिहिलं. ते वाक्य पुढच्या पत्रकात घालणार होते. बरं झालं, घातलं नाही.

तिचं म्हणणं साधं होतं. निपाणीपासून थोड्या अंतरावर महाराष्ट्र लागतो. इथल्या बायका तिकडच्या गावांत नांदायला जातात, तिकडच्या इकडे येतात. पण मजुरीचा दर इकडे एक आणि तिकडे दुसरा. दोन्ही सरकारांना ती जावा म्हणायची.

“बशीच्या तिकिटात बग कशी चडाओड लागलीया दोगींची. हिकडं बायकास्नी फुकट, तर तिकडं अर्धं. आन् मजुरीचं नाव काडलं की एकमेकीचं तोंड बगत न्हाईत.”

“म्हणून काय जुन्या दरावर मरायचं?”

“मी दर नको म्हनलं का? एकल्या हिकडचाच नको म्हनलं.”

त्या वर्षी कर्नाटकातला नवा दर आला. आम्ही अर्ज केले होते, धरणं धरलं होतं, बेळगावला खेपा घातल्या होत्या. कंत्राटदार सहा आठवडे टाळत राहिला आणि शेवटी एका सोमवारी नव्या दराने मजुरी वाटली. गल्लीत पेढे फिरले. बायकांनी मला हळदीकुंकवासारखं मधे बसवलं. आक्काने पेढा घेतला, खाल्ला, आणि हात पुसून पुन्हा पान उचललं.

पुढच्या सोमवारी पान आलं, मंगळवारी आलं, बुधवारी आलं. गुरुवारी आलं नाही. आठवड्यातले सहा दिवस मिळणारं काम तीन दिवसांवर आलं. शिवाय छाट दुप्पट निघायला लागली. आक्काची बिडी गल्लीत नमुना म्हणून दाखवायचे. तिच्या सुपातूनही चेकर मूठ मूठ काढू लागला. दर वाढला होता, आणि शनिवारी घरात येणारी मजुरी कमी झाली होती.

समोरच्या घरातली एक तरुण बाई, जिने पेढे वाटले होते, तिने नळावर सगळ्यांसमोर मला अडवलं. “मॅडम, तुमचा दर लई चांगला हाय. आता तेवढा शिजवून दावा.”

मी कळशी अर्धी भरून परत आले.

वरच्या गल्लीतल्या एकीचा भाऊ ट्रकवर होता. तीन महिन्यांनी त्याने बातमी आणली. गुरुवार ते शनिवारचं पान सीमेपलीकडच्या एका गावात जात होतं, पांढऱ्या टेम्पोतून. तिथे तिकडचा जुनाच दर होता. तिथल्या बायकांना पूर्वी काम नव्हतंच, त्यामुळे त्या आनंदाने घेत होत्या.

मी त्याच दुपारी पत्रक लिहिलं. ‘गाडी अडवा.’ मजकूर मोबाइलवरच्या ग्रुपवर टाकला आणि पन्नास प्रती काढून आणल्या. एक आक्कासमोर ठेवली. तिने वाचली. मी नखाची वाट पाहत होते. तिने कागद नुसता घडी करून बाजूला ठेवला.

“माजी पोर हाय त्या गावात,” ती म्हणाली.

मला तिची मुलगी माहीत होती. वर्षातून दोनदा यायची, आईसारखीच कमी बोलायची. नवरा गवंडीकाम करायचा. पावसाळ्याच्या आधी परांचीवरून पडला आणि पायात सळई घालावी लागली, तेव्हापासून घरात होता. हेही मला माहीत होतं. पण गाडीतलं पान कुणाच्या सुपात जातंय, हा प्रश्न मी स्वतःला विचारला नव्हता.

“तीन महिनं झालं, बिड्या वळती,” आक्का म्हणाली. “तिला मीच शिकवलंय. तुज्या दरानं माजं काम गेलं आन् माज्याच पोरीच्या दारात जाऊन पडलं. आता सांग, गाडी अडवू का नको?”

मी म्हणाले, “अडवायलाच हवी.” माझा आवाज मला आवडला नाही. तरी म्हणाले. जो मालक दोन गावांच्या बायकांना एकमेकींच्या तोंडचा घास दाखवून स्वस्तात राबवतो, त्याला वाट मोकळी सोडली तर पुढच्या वर्षी त्या गावाचंही काम आणखी पुढे जाईल, असं मी बोलत राहिले. माझं चुकलं असं मला आजही वाटत नाही. पण समोर बसलेल्या बाईला मी तिच्या लेकीचं ताट ओढायला सांगत होते, आणि बायका आक्का आल्याशिवाय रस्त्यावर येणार नाहीत हे आम्हा दोघींनाही ठाऊक होतं.

पुढचे तीन दिवस, पान होतं तोवर, ती बिड्या वळत राहिली. गुरुवारी सकाळी मी निघाले तेव्हा सूप रिकामं होतं आणि आक्का घरात नव्हती.

हायवेवरून टेम्पो जिथे आत वळतो तिथे आम्ही तीसेक जणी जमलो होतो. आक्का आमच्या आधी येऊन मैलाच्या दगडावर बसली होती. हात मोकळे होते, त्यामुळे ती अनोळखी वाटत होती. टेम्पो आला. बायका आडव्या झाल्या. ड्रायव्हर खाली उतरून मालकाला फोन लावू लागला. कुणीतरी मागचा पत्रा बडवायला लागली. “पान खाली काडा! रस्त्यावर वता!” असा ओरडा सुरू झाला. नळावर मला बोललेली ती तरुण बाई हातात काडेपेटी घेऊन उभी होती. ती तिने कधी आणली कळलं नाही. सुकलेलं पान पेटायला किती वेळ लागतो, हे तिथल्या प्रत्येकीला माहीत होतं.

आक्का उठली. गर्दीतून वाट काढत टेम्पोच्या मागे गेली, फळी खाली पाडली, आणि साडी खोचून पोत्यांवर चढून बसली.

“जाळतीस काय गं?” ती वरून म्हणाली. “बस मग मलाबी जाळ. न्हाईतर वर ये.”

“वर कशाला, आक्का?”

“माज्या पोरीकडं जायाचं हाय. फुकट गाडी हाय, चला.”

ड्रायव्हर धावत आला. “आक्का, उतरा. मालक मला ठेवणार न्हाय.”

“मालकाला सांग, बायकांनी मला पळवून न्हेलं. तुज्या बायकूलाबी तसंच सांग.”

एवढ्या ताणात बायका खो खो हसल्या. काडेपेटीवाली पहिली वर चढली. मग मी आणि आणखी तिघी. ड्रायव्हरने आमच्याकडे पाहिलं, मग रस्त्यावर उरलेल्या पंचवीस जणींकडे पाहिलं, आणि गाडी सुरू केली.

वाटेत आक्का एकच वाक्य बोलली, मला. “दराचं नाव काडायचं न्हाय तितं. एक अक्षर न्हाय.”

त्या गावात दूध डेअरीच्या ओसरीवर बिड्या घेण्याचं काम चालू होतं. चेकर खुर्चीवर, पुढे बायकांची रांग, बाजूला छाटीचं पोतं. चेकर निपाणीचाच होता. आक्काला पाहून तो अर्धा उठला. तिची मुलगी रांगेत दुसरी होती. तिने आईला पाहिलं, आणि आई कशासाठी आली आहे हे तिला कळल्याचं तिच्या चेहऱ्यावर दिसलं.

आक्का भिंतीला टेकून उभी राहिली. मुलीची पाळी आली. चेकरने कट्टे उलटे सुलटे केले, दोन मुठी बिड्या काढल्या आणि पोत्यात टाकल्या.

“मोड,” आक्का म्हणाली.

“काय?”

“छाट हाय न्हवं? मग तिच्यासमोर मोड.”

“आक्का, ह्यो महाराष्ट्र हाय. तुमची युनियन तिकडं.”

“मी युनियन काडली का? बिडी वाईट हाय म्हनलास. वाईट बिडी हिकडं वाईट आन् तिकडं चांगली व्हती काय? तीस वर्सं माजी छाट तुमच्या पोत्यातनं गेली. आज पोरीची जाती. एक तर ती चांगली हाय, तर मजुरी दे. वाईट हाय, तर मोड.”

आक्का पुढे आली, पोत्यात हात घातला आणि एक बिडी मोडली. मग दुसरी. तंबाखू ओसरीवर सांडायला लागला.

चेकर उभा राहिला. “बास! आजपास्नं तुज्या पोरीचं नाव बंद. पान न्हाय, काय न्हाय.”

“आई, ठेव ते,” मुलगी म्हणाली. “ठेव म्हनतो न्हवं!”

आक्का थांबली नाही.

मुलगी रांगेतून बाहेर आली. तिचा आवाज फाटला होता. “तुला सा दिस काम व्हतं तवा आलीस कवा हिकडं? माजा नवरा पडला तवा आलीस, दोन दिस ऱ्हायलीस, गेलीस. आता तुजं तीन दिस झालं म्हनून माजं मोडाय आलीस व्हय? मला पैल्यांदा काम गावलंय, आई. पैल्यांदा.”

आक्काचे हात थांबले. ते हात मी तोवर कधी काम अर्धं टाकून थांबलेले पाहिले नव्हते. मी त्या मुलीच्या नजरेला नजर देऊ शकले नाही. निपाणीच्या आम्ही सहा जणी आणि त्या गावच्या वीसेक जणी, मधे ते पोतं, आणि कुणी हलत नव्हतं.

चेकरला वाटलं, संपलं. तो बसला. “पुढची,” म्हणाला. मुलीचे उरलेले कट्टे त्याने हाताने बाजूला सरकवले, मजुरी न देता.

मुलीने ते पाहिलं.

“माजं नाव बंद केलासा न्हवं?” तिने विचारलं.

“व्हय.”

“मग ह्या बिड्या कुनाच्या?”

“कंपनीच्या.”

“पान तुमचं. तंबाकू तुमची. वळायची मजुरी दिल्याली न्हाय, ती माजी.” तिने आईच्या मुठीतल्या बिड्या काढून घेतल्या. “तू सरक, आई. मोडायच्या तर मी मोडतो.”

आणि तिने मोडल्या. छाट मोडली, मग बाजूला सरकवलेले चांगले कट्टे मोडले. तीन महिन्यांत तिचा हात आईइतका साफ झाला होता, ते मोडतानाही दिसत होतं. रांगेतली एक म्हातारी पुढे आली, वाकली, पोत्यातून तिला आपल्या वाटल्या त्या बिड्या उचलल्या आणि चेकरच्या तोंडासमोर धरून तोडल्या. मग आणखी एक. बाकीच्या उभ्या राहिल्या. त्या दिवशी पान कुणीच घेतलं नाही. टेम्पो भरलेलाच माघारी आला.

याला मी विजय म्हणत नाही, पत्रकात मात्र म्हटलं असतं. दुसऱ्या गुरुवारी त्या गावात बहुतेकींनी पान घेतलं. घ्यावंच लागलं. पण छाट त्या समोर मोडून मागू लागल्या, निपाणीतही मागू लागल्या, आणि ज्या गावात छाटीचं पोतं भरत नाही ते गाव कंत्राटदाराला पूर्वीइतकं स्वस्त राहिलं नाही. आमचा आठवडा तीन दिवसांवरून चारवर आला. सहावर अजून आलेला नाही. काम नव्हतं ते एकाच घरात: आक्काच्या मुलीच्या. तिचं नाव बंद झालं ते झालंच.

किमान वेतन वाढावं, आणखी वाढावं, यावर माझं मत तसूभर बदललेलं नाही. जे म्हणतात की दर वाढवला की गरिबाचंच काम जातं, त्यांना मी विचारते, काम जातं की कुणीतरी ते उचलून दुसऱ्या गरिबाच्या दारात नेऊन टाकतं? पण दोन दारं आहेत हे मी दरवाढ मागताना पाहिलं नव्हतं. ते आक्काने पाहिलं होतं, कारण दोन्ही दारं तिची होती.

आता मुलगी आठवड्यातून दोनदा सकाळच्या बसने निपाणीला येते. आक्का आपल्या वाट्याचं अर्धं पान तिला देते. आक्काच्या कार्डावर, इकडच्या नव्या दराने. हे नियमात बसत नाही. मी ते पाहते आणि गप्प बसते. दोघी दाराच्या दोन बाजूंना बसतात, उजेड अर्धा अर्धा. पहिले पाच आठवडे दोघींमध्ये देवाणघेवाण फक्त पानाची झाली. आक्का पानाची जुडी पुढे सरकवायची, मुलगी घ्यायची. बिडी दोघींची इतकी सारखी की माझ्यासारखीला वेगळी ओळखू यायची नाही. चहा मी करायचे आणि दोघींच्या मधे ठेवायचे.

गेल्या मंगळवारी मुलीने वळता वळता, कुणाकडेही न बघता विचारलं, “हिकडचा दर तिकडं कवा व्हनार?”

मी तोंड उघडलं. माझ्याकडे कलमं होती, अर्जांच्या तारखा होत्या. आक्काने मला हातानेच थांबवलं.

“तुमी मागशीला तवा,” ती म्हणाली.

मुलीने हातातली बिडी पुरी केली. मग सूप खाली ठेवलं आणि अंगावरचा पानाचा भुगा झटकला.

“चारची बस कुटनं सुटती गं?” तिने मला विचारलं. “पाच वाजता आमच्या गल्लीतल्या सगळ्या बायका नळावर असत्यात.”